तिने स्वतःची गोष्ट मंडपात सांगावी का?

ऐरोलीतल्या एका हौशी नाट्यगटातल्या ताईंनी विचारलं आहे: "आम्ही दरवर्षी सेक्टरच्या गणेशोत्सवात एक छोटं नाटक बसवतो. यंदा मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारावर करायचं ठरलं. दुसऱ्याच तालमीला आमच्यातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की लहानपणी नात्यातल्या माणसाने तिच्यावर अत्याचार केले होते. ती गोष्ट मंडपात तिला स्वतःलाच सांगायची आहे. ती म्हणते, एकदा सगळ्यांसमोर बोलले की मोकळी होईन. दिग्दर्शकालाही वाटतं की याहून परिणामकारक काही नसेल, शिवाय ती आमच्यातली सगळ्यात चांगली अभिनेत्री आहे. करू द्यावं का? नाटकाने असं दुःख खरंच भरून निघतं का?"

ताई, नमस्कार. मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा, वस्त्या आणि महिलांच्या गटांबरोबर याच विषयावर नाटकातून काम करते. मैत्रीण तालमीत बोलली, म्हणजे त्या खोलीत तिला तुमचा भरवसा वाटला. आधी तो जपा, नाटकाचं नंतर बघू.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. सेक्टरमधल्या लोकांना या विषयात शहाणं कसं करायचं, हा एक. मैत्रिणीला सावरायला नाटकाची मदत कशी होईल, हा दुसरा. नाटक दोन्हीकडे उपयोगी पडतं, हे मी खात्रीने सांगते. पण दोन्ही कामं एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर, एकाच माणसाच्या खांद्यावर टाकली की बहुतेक वेळा दोन्ही फसतात. प्रेक्षक तिच्यासाठी रडतात आणि स्वतःच्या घरात काय बघायचं हे शिकायचं राहून जातं. ती मोकळी व्हायला गेलेली असते आणि लोकांच्या नजरा घेऊन घरी परतते.

बरंच काही मला इथे बसून कळणार नाही. तिच्या घरी हे कुणाला माहीत आहे का, तो माणूस अजून लग्नकार्यात समोर येतो का, ती एखाद्या समुपदेशकाकडे जाते का, त्या तालमीनंतर तिला झोप लागली का. या उत्तरांवर माझा सल्ला बदलेल. एक गोष्ट मात्र बदलणार नाही. ती सज्ञान आहे. लहानपणी तिच्या शरीराबद्दल दुसऱ्या कुणीतरी ठरवलं, आणि आता दहा हितचिंतकांनी कोपऱ्यात जमून तिच्याबद्दल परस्पर ठरवलं तर तिला तेच पुन्हा झाल्यासारखं वाटेल. म्हणून तिला "नाही" म्हणू नका. पूर्ण माहिती द्या, एकाहून जास्त वाटा दाखवा आणि निर्णय तिचा राहू द्या.

अशा वेळी मी एक प्रश्न विचारते, तो तुम्हीही विचारून बघा: प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालेलं तुला हवं आहे? उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं, "आईने एकदा म्हणावं की तुझं खरं आहे." मग तिचा प्रेक्षक मंडपातले तीनशे लोक नाहीत, एकटी आई आहे, आणि त्या भेटीची तयारी समुपदेशकाबरोबर बसून करायला हवी. कुणी म्हणतं, "त्याला भीती वाटली पाहिजे." ते काम वकिलाचं. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. लहानपणी घडलेल्या गुन्ह्याची तक्रार मोठेपणीही करता येते का, कोणत्या कलमाखाली, हे तिथे नीट विचारता येईल. आणि कुणी म्हणतं, "माझं झालं तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये." हे उत्तर आलं तर ते तुमच्या नाटकाचं उत्तर आहे. त्यासाठी तिचं नाव, तिचं घर, तिचा तो माणूस मंडपात आणायची गरज नाही.

मंडपाबद्दल स्पष्टच लिहिते. तिथे नातेवाईक असतात, शेजारी असतात, लहान मुलं खुर्च्यांमधून पळत असतात, मागे आरतीची तयारी चाललेली असते आणि निम्म्या हातांत मोबाइल असतात. तिचं बोलणं संपायच्या आत त्याचा तुकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला असेल, आणि तो परत घेता येत नाही. नात्यातल्या माणसाकडे बोट गेलं की लोक अंदाज बांधू लागतात, कधी चुकीच्या माणसावर संशय येतो, घरचे तिच्यावरच तुटून पडतात. शिवाय नाटकाची आपली शिस्त अशी की तिसरी घंटा झाली की काहीही होवो, प्रयोग व्हायचाच. अशा गोष्टीत नेमकी उलटी शिस्त लागते. तिसऱ्या घंटेनंतरसुद्धा "आज नको" म्हणता आलं पाहिजे आणि त्यावर कुणाचा चेहरा पडता कामा नये.

आता नाटकाने भरून निघतं का याबद्दल. माझा अनुभव असा की नाटक जखम पुसत नाही, पण गोठलेल्या शरीराला पुन्हा हलायला शिकवतं. अत्याचाराच्या वेळी बरीच मुलं ओरडत नाहीत, पळत नाहीत, थिजतात. शरीर आपोआप तसं करतं, त्यात त्यांचा दोष काडीचाही नसतो. पण पुढे वर्षानुवर्षं "मी का ओरडले नाही" हा प्रश्न तेच शरीर वागवत राहतं. नुसत्या बोलण्याने तिथवर पोहोचायला वेळ लागतो. चालणं, जागा घेणं, आवाज लावणं, कुणालातरी हाताने थांबवणं, हे नाटकाच्या खोलीत करून बघता येतं, आणि चुकलं तर पुन्हा करता येतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नात जेकब मोरेनो यांनी माणसाच्या आयुष्यातले प्रसंग मंचावर उभे करून उपचार करायची पद्धत सुरू केली. पुढे नाट्योपचार करणाऱ्यांनी त्यात अंतराचा विचार फार बारकाईने केला. प्रसंग अगदी जवळून, जसाच्या तसा उभा केला तर माणूस त्यात पुन्हा बुडतो. फार लांब ठेवला तर मनाला काही लागत नाही. मधलं अंतर शोधणं हीच या कामातली कारागिरी. म्हणून माझ्या गटात पहिले काही आठवडे कुणीही स्वतःची गोष्ट सांगत नाही. आम्ही खोलीभर चालतो, "थांब" हा एकच शब्द दहा तऱ्हांनी म्हणतो, दोघीदोघींचे पुतळे करतो. गोष्ट यायची असेल तर ती लोककथेचं, पक्ष्याचं, एखाद्या वस्तूचं सोंग घेऊन येते.

वागळे इस्टेटकडच्या एका गटात एक बाई होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पुतळ्यांच्या खेळात त्या कधी माणूस व्हायच्याच नाहीत. एका घराचं चित्र उभं करताना त्या म्हणाल्या, "मी दाराची कडी होते." पुढे बरेच दिवस त्या कडीच होत्या. मग एक दिवस त्यांनी ठरवायला सुरुवात केली की दार कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी नाही. गटातल्या बाया दाराशी येऊन विनवत, रागावत, लाडीगोडी लावत, आणि या शांतपणे म्हणत, "आज नाही." मूळ प्रसंग त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. मी विचारला नाही. पण घरी दिराला "माझ्या खोलीत विचारल्याशिवाय यायचं नाही" हे त्यांनी त्याच काळात पहिल्यांदा सांगितलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की सावरण्यासाठी गोष्ट सांगावीच लागते असं नाही.

ज्यांना सांगायची असते त्यांच्यासाठीही वाटा आहेत. अमेरिकेत १९७५ साली जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी सुरू केलेल्या प्लेबॅक थिएटरमध्ये सांगणारी व्यक्ती खुर्चीत बसून आपला प्रसंग सांगते आणि कलाकार तो तिथल्या तिथे उभा करून तिला दाखवतात. ती भूमिका करत नाही, बघते, आणि शेवटचा शब्द तिचाच असतो. तुमच्या मैत्रिणीला दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसवूनही असं करता येईल. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहील आणि कोण कुठे उभं राहावं, कुणी काय बोलावं हे ती ठरवेल. पण हे बंद खोलीत, निवडक लोकांत आणि या कामाचं प्रशिक्षण असलेल्या माणसाबरोबरच करा. चांगला दिग्दर्शक म्हणजे उपचारक नव्हे, आणि उत्साहाच्या भरात ही रेघ ओलांडली जाते. प्रत्येक तालमीच्या शेवटी भूमिका उतरवायला दहा मिनिटं ठेवा. भूमिकेची ओढणी घडी करून बाजूला ठेवायची, मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं, आजचा वार सांगायचा, इथून घरी कशी जाणार ते सांगायचं. वरवर साधं दिसतं, पण हे न करता लोकलमध्ये बसलेल्या माणसाची रात्र वाईट जाते. अत्याचार करणाऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलालाही याची तितकीच गरज असते. त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

तिची झोप उडाली असेल, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येऊन ती भानावर राहत नसेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर नाटक थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या नाटकाकडे. या विषयावरची बरीच पथनाट्यं मी बघते आणि त्यातल्या खलनायकाने अस्वस्थ होते. काळा गॉगल, हातात चॉकलेट, कोपऱ्यावर उभा अनोळखी माणूस. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून माहिती गोळा केली होती. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि जवळपास निम्म्या प्रकरणांत करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासातली होती. सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. म्हणजे गॉगलवाला दाखवून आपण पालकांना चुकीच्या दिशेला बघायला शिकवतो, आणि फक्त मुलगी दाखवून मुलग्यांना सांगतो की हे तुमच्याबाबतीत घडत नाही. तुमच्या नाटकात एक मुलगा असू द्या. प्रेक्षकांतले थोडे जण हसतील, तेव्हा नटांनी न बिचकता थांबून राहावं.

अत्याचाराचा प्रसंग दाखवू नका. सूचकही नको, सावल्यांत नको, किंकाळी आणि अंधार नको. प्रेक्षकांत ज्यांनी हे सोसलं आहे त्यांना तो अंधार घरी पाठ सोडत नाही, आणि ज्यांना काही माहीत नाही ते त्यातून काही शिकत नाहीत. त्याऐवजी आधीचं आणि नंतरचं दाखवा. घरातला लाडका माणूस हळूहळू विश्वास कसा मिळवतो, वस्तू देतो, "हे आपल्या दोघांतच" म्हणतो. मूल अचानक क्लासला जायला का नको म्हणतं, रोज पोट का दुखतं, दादाच्या गाडीवर मागे बसायला का घाबरतं. आणि सगळ्यात जास्त वेळ द्या तो मूल सांगतं त्या क्षणाला. बाळाला आंघोळ घालता घालता, पोळी लाटता लाटता आई ऐकते आणि म्हणते, "काहीतरीच काय बोलतोस, काका किती करतात आपल्यासाठी."

इथे नाटक थांबवा. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांच्या पद्धतीत प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंग बदलून बघतो. सूत्रधाराने विचारायचं, या आईच्या जागी कोण येईल? बोआल यांच्या मूळ पद्धतीत ज्याच्यावर अन्याय होतो त्याची जागा घेतात. या विषयात मी तसं कधीच करू देत नाही. मुलाच्या जागी मोठं माणूस येऊन त्या काकाला हिमतीने झिडकारून गेलं, की समोर बसलेल्या मुलाच्या मनात एकच गोष्ट राहते: मला जमायला हवं होतं, माझीच चूक. जबाबदारी मोठ्यांची आहे, तेव्हा बदलून बघायचं ते मोठ्यांचं वागणं. आई, बाबा, आजी, मुख्याध्यापक, सोसायटीचे सेक्रेटरी.

एक प्रसंग हमखास घडेल, त्याची तयारी ठेवा. एखादे गृहस्थ तावातावाने बाबांच्या जागी येतील आणि म्हणतील, त्याला चोपून काढतो. टाळ्या पडतील. सूत्रधाराने टाळ्या संपू द्याव्यात आणि शांतपणे विचारावं, "तुम्ही त्याला मारायला गेलात, तेव्हा तुमचा मुलगा कुठे आहे?" मंडप गप्प होतो. मग कुणीतरी बाई पुढे येते, मुलाच्या उंचीवर खाली बसते आणि म्हणते, "सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही." एवढ्यासाठीच हे सगळं करायचं. हे शब्द लोकांनी एकदा स्वतःच्या तोंडाने म्हटलेले असले, की वेळ आली तर घरी आठवतात. भाषणातून ऐकलेले आठवत नाहीत.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नये, हेही त्याच प्रवेशात येऊ द्या. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला असा गुन्हा कळतो त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. लोक पोलीस ठाण्याच्या नुसत्या कल्पनेने मागे सरतात, म्हणून हेही दाखवा की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये असं कायदाच सांगतो. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (आणीबाणीचा) हे क्रमांक नाटकाच्या शेवटी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घ्या.

प्रयोगानंतर कुणीतरी येऊन सांगेल, हे धरूनच चला. मूल सरळ येऊन बोलत नाही. ते सतरंजी गोळा करायला थांबतं, डफ वाजवून बघू का विचारतं, मैत्रिणीच्या गोष्टीच्या नावाने सांगतं. म्हणून तारीख ठरवण्याआधी समुपदेशक ठरवा, ऐकायला शिकलेली दोन माणसं फक्त त्यासाठी ठेवा, आणि वर्दळीपासून बाजूला पण बंद दाराआड नसलेली एक जागा निवडा. शाळेत प्रयोग करायचा असेल तर मुख्याध्यापकांना आधी लेखी सांगा की काही समोर आलं तर ते कायद्याप्रमाणे कळवलं जाईल. एका शाळेने मला सांगितलं होतं, प्रयोग करा पण काही निघालं तर आमच्याशीच बोला, शाळेचं नाव आहे. मी तिथे प्रयोग केला नाही. मुलांना बोलतं करायचं आणि मग बोलणं दाबून टाकायचं, यापेक्षा नाटक न केलेलं बरं.

जागेबद्दल थोडक्यात. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारखा मोठा रंगमंच या पद्धतीला सोयीचा नाही, प्रेक्षक अंधारात आणि लांब बसतो. सोसायटीचा हॉल किंवा शाळेचा वर्ग, दिवे चालू, खुर्च्या गोलात, बाहेर जायचं दार उघडं. आरतीच्या वेळेपासून लांब, रविवारी सकाळी करा. विषय आधी जाहीर करा म्हणजे ज्यांना ऐकवणार नाही ते येणार नाहीत किंवा मधून उठू शकतील. चित्रीकरण नाही, हे दारातच सांगा. लहान मुलांसाठी बाहुल्यांचा वेगळा छोटा खेळ करा, आणि त्याच्या आधी त्यांच्या पालकांचा प्रयोग होऊ द्या, म्हणजे मूल घरी जाऊन काही बोललं तर ऐकणारा कान तयार असेल.

संहिता एका माणसाच्या गोष्टीवर उभी करू नका. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून सुरू झालेल्या 'वंचितांचा रंगमंच' या उपक्रमात वस्तीतली मुलं आपल्या आजूबाजूचं जगणं स्वतःच नाटिकांत मांडतात. गटाने मिळून रचलेल्या गोष्टीची एक ताकद अशी की त्यात खरं सगळं असतं आणि कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. तुमच्या मैत्रिणीला त्यात आपलं एखादं वाक्य द्यायचं असेल तर देऊ द्या, कोणतं ते तिच्याशिवाय कुणाला कळायची गरज नाही. आईचा प्रवेश तिने बसवला तर तो तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगला बसेल असं मला वाटतं. तिला सूत्रधार व्हायचं असेल तर तेही चालेल, फक्त प्रत्येक भूमिकेला बदली माणूस तयार ठेवा, एकट्या तिच्या भूमिकेला ठेवलात तर तिला वेगळं पाडल्यासारखं होईल. आणि एक गृहीत धरू नका: तुमच्या दहाबारा जणांत ती एकटीच असेल असं नाही.

एवढं सगळं कळल्यावर, समुपदेशकाशी बोलून, काही महिन्यांनीही तिला स्वतःच्या नावाने लोकांसमोर बोलायचंच असेल, तर तो तिचा हक्क आहे आणि त्या दिवशी तुम्ही विंगेत उभं राहा. पण ते गणपतीच्या तारखेला बांधू नका.

ती तुमच्यातली सगळ्यात चांगली अभिनेत्री आहे असं तुम्ही लिहिलं आहे. मग यंदाच्या उत्सवात या नाटकाबरोबर एखादी झकास विनोदी एकांकिकाही घ्या आणि मुख्य भूमिका तिला द्या.